लाल वावर

आमच्या गावाच्या नाल्याकाठी एक हातपंप आहे. लहानपणी त्याचे पाणी गावातले सगळ्यात गोड पाणी मानले जायचे. लग्नाच्या पंगतीला मुद्दाम तिथून ड्रम भरून आणायचे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गावी गेलो, तर कुणीतरी त्याला लाल रंग फासलेला. पाणी पिण्यालायक नाही, याची ती खूण.

यवतमाळ जिल्ह्यात लाल हातपंप म्हटला की आधी फ्लोराइड आठवते. पांढरकवडा, झरी जामणी, वणी या बाजूच्या कितीतरी गावांनी ते भोगले आहे. पिवळे पडलेले दात, आखडलेले गुडघे. पण फ्लोराइड तिथल्या खडकातून येते, त्याला माणूस काय करणार? आमचा हातपंप बाभूळगाव तालुक्यातला, बेंबळेच्या बाजूचा. तिथे निघाले ते नायट्रेट. आणि नायट्रेट आमच्या खडकातून येत नाही. ते वरून येते. म्हणजे ते आमचेच.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे भारतीय मानक सांगते. आमचे त्याच्या दीडपटीच्या वर होते. यात आमचे काही विशेष नाही म्हणा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे, आणि जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती, बुलढाण्याबरोबर यवतमाळचेही नाव आहे. मोठ्या माणसाला त्याचे लगेच काही जाणवत नाही. पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असे पाणी पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते.

गावात यावर चर्चा झाली. पारावरची चर्चा कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. कुणी म्हणाला, नवीन संडासांचे शोषखड्डे. कुणी म्हणाला, नाल्याकाठचे उकिरडे. कुणी म्हणाला, वरच्या अंगाचे लोक युरिया फार मारतात. वरच्या अंगाचे म्हणाले, आम्ही मारतो तेवढाच तुम्ही मारता. तासाभराने सगळे उठून गेले. कुणाचेच चुकले नव्हते, कारण थोडे थोडे सगळेच खरे होते.

याला विखुरलेले प्रदूषण म्हणतात. कारखान्याचे प्रदूषण पाइपाच्या तोंडाशी सापडते. तिथे बाटली धरा, नमुना घ्या, नोटीस काढा. १९७४ चा आपला जलप्रदूषणाचा कायदा अशाच तोंडांचा विचार करून केलेला आहे. पण शेतातून वाहणाऱ्या पाण्याला तोंड कुठे असते? अख्खे शिवार हेच त्याचे तोंड. ते वर्षातून दहा-पंधरा दिवस, मोठ्या पावसात, तेही रात्री-बेरात्री वाहते, आणि सकाळी नोटीस द्यायला कुणी सापडत नाही.

एक छोटा हिशेब सांगतो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे वीस किलोच्या वर. हा सगळा नायट्रेट होऊन पाण्यात उतरला, तर वीस लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेला पोचेल. समजा गोणीचा दहावाच हिस्सा उतरला. म्हणजे दोन लाख लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल, तर ते भरते दीड लाख लिटरच्याही आत. गोणीचा दहावा भाग वाहून गेला हे शेतकऱ्याला कळतही नाही. पऱ्हाटी तेवढीच हिरवी दिसते.

मी पोटापाण्यासाठी नकाशेच करतो, संगणकावर. तेव्हा मनात आले, की पारावर जे मिटत नाही ते नकाशावर मिटवून पाहावे. रात्रीची जेवणे झाली की बसायचो.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवस घिरट्या घालून रडारने बहुतेक पृथ्वीची उंची मोजली. ती माहिती आज फुकट मिळते. तीस मीटर बाय तीस मीटरचा एक चौकोन आणि त्याची एक उंची. एका एकरात असे साडेचार चौकोन बसतात. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरला हे चौकोन दिले, की ते प्रत्येक चौकोनाला विचारते, तुझ्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यात खाली कोण? पाणी तिकडे जाणार. असे चौकोनामागून चौकोन जोडत गेले, की पडद्यावर नाले उमटतात, पाणलोटाची हद्द उमटते. पहिल्यांदा आमचा नाला असा आपोआप उमटला, तेव्हा मला गंमत वाटली. नकाशात कुणी काढून न देता तो तिथे आला होता.

मग त्यावर मातीचा थर टाकायचा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या मातीचा नकाशा केलेला आहे. त्यावर उपग्रहचित्रातून काढलेला पिकांचा थर, आणि शेवटी पाऊस. मग येते मॉडेल. जगात यासाठी सगळ्यात जास्त वापरले जाणारे मॉडेल ‘स्वॅट’, टेक्सासमधल्या टेम्पल गावी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जेफ अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उभे केलेले. माती, उतार आणि पीक सारखे असलेले तुकडे ते एकत्र बांधते, आणि रोजच्या पावसाचे किती पाणी वाहिले, किती मुरले, किती माती गेली, त्याबरोबर किती नायट्रोजन आणि फॉस्फरस गेला, याचा हिशेब मांडते.

आपल्याकडेही हे अगदी परके नाही. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्याकडची पाच हजारांवर गावे होती, त्यात आपला यवतमाळ जिल्हाही होता. त्या गावांच्या पाण्याचा ताळेबंद काढायला आयआयटी मुंबईच्या मंडळींनी क्यूजीआयएसवरच चालणारे साधन तयार केले. पण तो ताळेबंद पाणी किती याचा. पाण्यात काय, याचा हिशेब अजून कुणी गावाला मागितलेला नाही.

असो. आमच्या पाणलोटाचे गणित सुटले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. जिथून सगळ्यात जास्त माती आणि नायट्रोजन सुटतो ते चौकोन लाल, कमी सुटतो ते हिरवे. बहुतेक शिवार पिवळसर आले. आणि हातपंपाच्या बरोबर वरच्या अंगाला, नाल्याला लागून, एक लांबट लालभडक पट्टा. त्यावर गावच्या गटांचा नकाशा ठेवून पाहिला. तो पट्टा मोठेबाबांच्या वावरात पडत होता.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय पंच्याहत्तरच्या पुढे. वडील गेल्यावर आमच्या घराकडे त्यांनीच पाहिले. त्यांना जाऊन काय सांगणार, की गावाचे पाणी तुम्ही नासवले? मी तो नकाशा महिनाभर कुणालाच दाखवला नाही.

त्या महिन्यात मला २०१७ साल सारखे आठवत होते. त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. आणि पहिली चर्चा काय, तर त्यांनी हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके बांधले नव्हते. पराटी डोक्याच्या वर वाढलेली, त्यात चार-चार औषधे एकत्र करून मारा म्हणून सांगणारे वेगळेच, पण बोट पहिले उठले ते मेलेल्या माणसाकडे. माझा नकाशाही तसेच बोट दाखवत होता. फरक एवढाच, की हे बोट रंगीत होते.

शेवटी जूनमध्ये गावी गेलो, तेव्हा लॅपटॉप उघडून मोठेबाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. आधी आपले घर शोधले, मग देऊळ, मग विहीर. मग बोट त्या लाल पट्ट्यावर आले.

“हे मायं वावर व्हय ना? लाल काहून दाखोते?”

मी सांगितले. जमेल तितके सांभाळून सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते हसले.

“तुह्या कम्प्युटरले रोड मालूम हाय का?”

“कोणता रोड?”

“अरे, शिवारातला. रोड झाला अन् मोरी टाकली, तवापासून वरचं पाणी मायाकडे येतच नाई बाप्पा. पाय, असं येते, रोडाले अडते, अन् मोरीतून तिकडं निंगते.” त्यांचे बोट लाल पट्ट्यावरून सरकून शेजारच्या पिवळ्या पट्ट्यावर गेले.

शेजारचा पट्टा आमचा होता. माझ्या वडिलांच्या वाट्याचा. आता माझ्या नावावर.

दोन दिवसांनी रात्री दणकून पाऊस झाला. सकाळी मोठेबाबा छत्री घेऊन दारात उभे. आम्ही चिखलातून गेलो. मोरी ओसंडून वाहत होती, आणि तिचे पाणी माझ्या वावरातून, तासातासांतून सरळ नाल्याकडे धावत होते. चहासारखे पाणी. पलीकडे मोठेबाबांच्या धुऱ्यावर गवत उभे होते आणि त्यातून येणारे पाणी थोडे आणि बरेच निवळ होते. आम्ही दोन्हीकडच्या दोन बाटल्या भरून आणल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता.

चूक मॉडेलची नव्हती, माझी होती. तीस मीटरच्या चौकोनाला तीन-चार फुटांचा रस्त्याचा भराव कसा दिसणार? आणि धुरा तर नाहीच नाही. मी ती मोरी उंचीच्या नकाशात हाताने कोरली, रस्ता बांधासारखा उचलला, मोठेबाबांचा धुरा घातला, आणि गणित पुन्हा सोडवले. त्यांचे वावर फिके पिवळे झाले. माझे लाल.

खरे सांगतो, पहिल्या नकाशावर मी जेवढा पटकन विश्वास ठेवला, तेवढा या दुसऱ्यावर ठेवायला तयार नव्हतो. पाऊस तपासला, मातीचे आकडे तपासले. रंग बदलेना.

माझे वावर लाल का, याची कारणे मॉडेलमध्येही आहेत आणि बाहेरही. आजोबांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा वावर उभे कापले, उताराच्या दिशेने. ते न्यायाचेच होते. प्रत्येकाला वरची बरड जमीन थोडी, खालची काळी थोडी, आणि नाल्याचे पाणी सगळ्यांना. पण पट्टे अरुंद झाले. अरुंद पट्ट्यात आडवी पेरणी म्हणजे दर पन्नास पावलांवर बैल नाहीतर ट्रॅक्टर वळवायचा. म्हणून सगळे उभे पेरतात, आणि प्रत्येक तास म्हणजे नाल्याकडे जाणारी एक नाली होते.

याचाही आकडा आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात ‘कर्व्ह नंबर’ नावाची पद्धत काढली, ती आजही जगभर चालते. काळ्या चिकण जमिनीत सरळ तासाच्या पिकाला ८९, आणि आडवी पेरणी व बांध असतील तर ८१, असा अंक तिच्या तक्त्यात आहे. ८० मिलिमीटर पाऊस एका दिवशी झाला, तर पहिल्या वावरातून सुमारे ५२ मिलिमीटर वाहून जाते, दुसऱ्यातून ३६. फरक एकरी साठ हजार लिटर. म्हणजे दहा हजारांचे सहा टँकर, एका पावसात, एका एकरातून. आणि ते रिकामे जात नाहीत. डीएपीतला फॉस्फरस मातीच्या कणाला चिकटतो, तो गाळाबरोबर जातो. युरियाचे झालेले नायट्रेट मातीला चिकटत नाही. ते पाण्याबरोबर वाहते, नाहीतर खाली झिरपते. त्यातून आपली काळी जमीन अशी, की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खालच्या मुरमात उतरते, आणि मग माती फुगून भेगा मिटतात. म्हणजे नुसते वाहणे थांबवले की झाले, असेही नाही. पाणी मुरवले आणि युरिया तसाच मारला, तर गाळ थांबेल, पण नायट्रेट सावकाश हातपंपाकडेच जाईल.

पण मॉडेलमध्ये नसलेले कारण त्याहून मोठे आहे. माझे वावर मी कसत नाही. ते ठोक्याने दिलेले आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास पैसे येतात, मी मोजून घेतो. कसणाऱ्याला पुढच्या वर्षी हेच वावर मिळेल याची खात्री नाही. तो कशाला धुरा घालेल? त्याला एका हंगामात जेवढे निघेल तेवढे काढायचे आहे, म्हणून तो खत भरपूर टाकतो. त्याच्या जागी मीही तेच केले असते. आणि मी नागपुरात बसून शुद्ध पाण्याच्या मशीनचे पाणी पीत, रात्री जागून गावाच्या प्रदूषणाचा नकाशा करत होतो.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचे पाणी पिऊ नका म्हणून सांगावे लागले. ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले होते, आणि त्याला खाद्य होते मुख्यतः मॉमी नदीतून येणारा शेतांतला फॉस्फरस. तिथे एकाच खोऱ्यावर अनेक विद्यापीठांनी आपापली मॉडेल चालवून निकाल ताडून पाहिले. उपाय कुठेही विखरून करण्यापेक्षा सगळ्यात जास्त गळणाऱ्या शेतांवर केले तर फायदा जास्त, असे निघाले. हेच या नकाशांचे खरे काम. गुन्हेगार शोधणे नव्हे, पहिला धुरा कुठे घालायचा ते सांगणे. पण पहिला धुरा घालायचा खर्च एकाचा आणि पाणी निवळणार दुसऱ्याचे, हा पेच मात्र तिथेही सुटलेला नाही आणि इथेही.

मोठेबाबांना नवा नकाशा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुहं वावर लाल झालं, ठीक हाय. अन् दोन गोन्या जास्त टाका म्हननारा, तो कोन्या रंगाचा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजून नाही. खताच्या दुकानाला, अनुदानाला, कापसाच्या भावाला नकाशात चौकोन नसतो.

त्या वर्षी मी एवढे केले. ठोक्याचे अर्धे पैसे सोडले आणि वावर कसणाऱ्याला पाच वर्षांचा शब्द दिला, लिहून. त्या पैशात मोरीच्या तोंडाशी दगडांचा बांध आणि नाल्याकडच्या अंगाला सहा तासांएवढी गवताची पट्टी. युरिया एकदम न देता तीनदा द्यायचा, आणि आभाळ भरून आलेले असताना द्यायचा नाही, एवढे त्याने कबूल केले. आडवी पेरणी मात्र झाली नाही. त्यासाठी चार भावकीच्या पट्ट्यांनी एकत्र पेरावे लागेल, आणि आमची भावकी अजून एकत्र बसलेली नाही. उकिरड्यांचे आणि शोषखड्ड्यांचे काम ग्रामपंचायतीत सांगून ठेवले आहे. त्यांचाही वाटा आहेच. माझ्या मॉडेलने तो धरलेला नव्हता, हे पारावर मीच सांगितले. माझे वावर लाल आहे, हेही तिथेच सांगितले. थोडा वेळ शांतता झाली. मग एकाने विचारले, “मायं कोन्या रंगाचं हाय, पाय बरं.” मग दुसऱ्याने. त्या संध्याकाळी पाराभोवती पंधरा-वीस माणसे लॅपटॉपवर वाकली होती, आणि निम्म्यांनी माझा नकाशा कुठे चुकला ते सांगितले. एवढी दुरुस्ती मला कुठल्या उपग्रहाने दिली नसती.

हातपंप अजून लालच आहे. मुरमात उतरलेले नायट्रेट निघायला वर्षे लागतात. मागच्या तपासणीत आकडा थोडा कमी आला, पण त्या वर्षी पाऊसही जास्त होता, तेव्हा एवढ्यावरून काही म्हणू नये.

या पावसाळ्यात मोठ्या पावसानंतर मोठेबाबांचा फोन आला. पाय दुखतात म्हणून ते आता वावरात जात नाहीत, पण त्या दिवशी गेले होते.

“बाटली भरून ठेवली हाय,” म्हणाले. “आला की पायजो. गाळ अर्धा बोट हाय.”